कागदावरची तारीख आणि घडलेला दिवस : लष्करी प्रबोधिनीतून काढले गेलेल्यांचे अनुभव

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील ज्या मुलामुलींना खोट्या किंवा मागाहून तयार केलेल्या नोंदींच्या आधारे लष्करी प्रशिक्षणातून काढण्यात आले आणि ज्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. प्रबोधिनीचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव लिहू नये. कागद कोणता होता, तो कसा मिळवला आणि पुढे काय झाले, हे मात्र तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करते.

नौपाडा, ठाणे (कॅडेटची आई)

माझा मुलगा चौथ्या सत्रात असताना त्याला बेशिस्तीच्या कारणावरून काढल्याचा आदेश निघाला. आदेशात तीन लेखी ताकिदींचा आधार घेतलेला होता. त्यांपैकी एकच त्याला प्रत्यक्ष मिळाली होती. उरलेल्या दोन आम्ही पहिल्यांदा पाहिल्या त्या आदेशाला जोडलेल्या प्रतींमध्ये, आणि दोन्हींवर त्याची सही होती. सही त्याचीच आहे हे मला ओळखू आले आणि त्या रात्री मी स्वतःच्या मुलावर संशय घेतला, याचे मला आजही वाईट वाटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सामान परत केल्याचे आणि येणे बाकी नसल्याचे कागद म्हणून त्याच्यापुढे एक गठ्ठा ठेवला होता आणि त्याने तो न वाचता सह्या करून दिला होता, हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले.

उलगडा बँकेत झाला. मुलाचे खाते तो अल्पवयीन असताना उघडलेले होते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ते बदलून घेताना त्याने सहीचे नवे वळण ठरवले आणि तिचा नमुना शाखेत दिला. त्याआधी तो देवनागरीत पूर्ण नाव लिहीत असे. एका ताकिदीवरची तारीख तो सतरा वर्षांचा असतानाची होती, पण सही नव्या वळणाची होती. दुसऱ्या ताकिदीच्या दिवशी तर तो सुट्टीवर ठाण्यात होता. रेल्वेचे तिकीट आणि राम मारुती रस्त्यावरच्या एटीएममधून पैसे काढल्याची पासबुकातली नोंद आमच्याकडे होती.

आमच्या वकिलांनी एक गोष्ट पहिल्याच भेटीत समजावली. राज्यघटनेच्या २२६व्या अनुच्छेदाखालील रिट याचिकेत उच्च न्यायालय सहसा साक्षीदार तपासत बसत नाही. दोन बाजू दोन हकिकती सांगू लागल्या की वस्तुस्थितीच्या वादात पडायला ते तयार नसते. म्हणून मुलगा किती चांगला आहे, हे सांगणारी पंधरा पत्रे जोडण्याचा माझा आग्रह त्यांनी मोडला आणि बँकेचा नमुना, तिकीट व पासबुक, एवढ्यावरच भर दिला. सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणारे सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले आहे आणि त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. तरीही कॅडेटला कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळालेले नसते, तेव्हा अधिकारक्षेत्राच्या वादात वर्ष घालवण्यापेक्षा उच्च न्यायालयातच जावे, असे त्यांचे मत पडले. प्रबोधिनी राज्याबाहेरची असल्याने याचिका तिथल्या उच्च न्यायालयात दाखल करावी लागली.

त्यांनीच मला जॉर्ज आर्चर-शी या ब्रिटिश मुलाची हकिकत सांगितली. १९०८ मध्ये ऑस्बोर्नच्या नौदल महाविद्यालयातून या तेरा वर्षांच्या कॅडेटला वर्गमित्राची पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आरोपावरून काढले गेले. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत त्याच्या विरुद्ध होते. वडिलांनी हार मानली नाही आणि १९१० मध्ये सर एडवर्ड कार्सन यांनी न्यायालयात पोस्टातल्या बाईंची उलटतपासणी घेतल्यावर त्यांच्या आठवणीवर विसंबता येत नाही, हे उघड झाले व नौदलाने त्याचे निर्दोषत्व मान्य केले. तो मुलगा १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला. आमच्या मुलालाही कोणाला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नव्हती, आणि न्यायालयाने नेमके त्यावरच बोट ठेवले. आदेश रद्द झाला, फेरचौकशीत दोन्ही ताकिदी वगळल्या गेल्या आणि तो एक सत्र मागे राहून परत रुजू झाला. आदेश येण्यापासून रुजू होण्यापर्यंत चौदा महिने गेले.

नेरूळ (कॅडेटची बहीण)

आमच्या बाबतीत प्रश्न गुणांचा होता. बहिणीला एका विषयात दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण ठरवून काढले. उत्तरपत्रिका दाखवण्यास प्रबोधिनीने नकार दिला, तेव्हा मी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून प्रत मागितली. तीस दिवसांत उत्तर आले ते 'गोपनीय' एवढेच. पहिल्या अपिलात मी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा आदित्य बंदोपाध्याय प्रकरणातील निकाल जोडला, ज्यात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला आहे. प्रत मिळाली. आतील पानांवरच्या गुणांची बेरीज ४३ होत होती आणि मुखपृष्ठावर खाडाखोड करून ३४ लिहिलेले होते.

वकील आम्हाला विनामूल्य मिळाला, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, आणि ही माहिती ठाण्याच्या न्यायालयात एका कारकुनाने दिली नसती तर आम्ही दागिने विकले असते. गुण दुरुस्त झाले. परंतु बहीण परत गेली नाही आणि मी तिला तसा आग्रहही केला नाही.

कल्याण (सेनेतील निवृत्त हवालदार क्लार्क)

मी बावीस वर्षे सेनेच्या कार्यालयात क्लार्क म्हणून काम केले, म्हणून कागदाच्या बाजूने लिहितो. एकटे पत्र खोटे करणे सोपे असते, पण त्याला जावक क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक रजिस्टरमध्ये आधीच्या व नंतरच्या क्रमांकांच्या मध्ये बसावा लागतो. मागच्या तारखेचे पत्र घालायचे तर जागा नसते. मग '२१७/अ' अशी नोंद दिसते, किंवा एकाच ओळीत दोन नोंदी कोंबलेल्या दिसतात, किंवा क्रमांकच नसतो. तेव्हा पालकांनी केवळ पत्राची प्रत न मागता त्या आठवड्याची जावक रजिस्टरची पाने मागावीत. इतरांची नावे झाकून दिली तरी चालेल, क्रमांकांचा क्रम पुरेसा असतो.

दुसरे, रजा, रुग्णालयात दाखल होणे आणि परत येणे यांची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' या कार्यालयीन आदेशात निघते. ताकीद लिहिणारा माणूस आणि ही ऑर्डर काढणारा क्लार्क वेगळे असतात, त्यामुळे खोटी तारीख टाकणाऱ्याला मुलगा त्या दिवशी रुग्णालयात होता याची पुष्कळदा आठवणच नसते. मुलगा प्रशिक्षणात असतानाच प्रत्येक रजेचा पास, रुग्णालयाची चिठ्ठी आणि हातात आलेले प्रत्येक पत्र त्याने त्याच दिवशी घरी पाठवावे. मी कार्यालयाच्या आतून सांगतो, की बाहेरच्या माणसाकडे तारखेसह कागद आहे हे कळले की आतले लोक सावध होतात.

कळवा (माजी कॅडेट)

मला २००३ मध्ये काढले. कागदोपत्री मी स्वतःहून सोडले. माझ्या सेवाफाइलमध्ये कॉपीची लेखी कबुली आहे, असे मला तोंडी सांगण्यात आले. मी अशी कबुली कधीच दिली नव्हती. अर्ज देऊन निघालास तर डाग लागणार नाही, असे सांगून माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, आणि स्वतःहून सोडणाऱ्याकडून प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची तरतूद असल्याने दोन महिन्यांनी वडिलांच्या नावाने बिल आले. ते त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून फेडले आणि मला एका शब्दानेही काही विचारले नाही. ते आता नाहीत.

ती कबुली मी आजवर पाहिलेली नाही. वरचे अनुभव वाचून मागच्या सोमवारी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज पाठवला आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही अपवाद वगळता नाकारता येत नाही, असे त्या कायद्याच्या कलम ८(३) मध्ये आहे, त्याचा उल्लेख केला आहे. आणि फाइल नष्ट केली असेल तर कोणत्या तारखेला व कोणाच्या आदेशाने, तेही लेखी कळवावे, असे मागितले आहे.