राज्यसेवा मेन्स आता लिहायची आहे, मग टेलिग्राम-यूट्यूबचं करायचं काय? मी जवळपास सगळं काढलं, तुमचं मत सांगा

शास्त्रीरोडकर (मूळ पोस्ट)
पुण्यात राहून एमपीएससीची (राज्य लोकसेवा आयोगाची) राज्यसेवा करतोय, नवी पेठेतली अभ्यासिका, कॉट बेसिसवर रूम, बाकी तुम्हाला माहितीच आहे. माझं मत सरळ आहे, पटलं नाही तर भांडा. २०१२ पासून मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, ऑब्जेक्टिव्ह होती तोपर्यंत फोनवर अभ्यास भागून जायचा, कारण चार पर्यायांतला बरोबर ओळखता आला की झालं. पीडीएफ वरवर चाळली, लेक्चर दीडपट स्पीडवर ऐकलं, संध्याकाळी टेलिग्रामवर क्विझ दिली, दिवस कारणी लागला असं वाटायचं. आता २०२५ च्या परीक्षेपासून पॅटर्न यूपीएससीसारखा आहे, नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजी फक्त पास होण्यापुरते, उरलेल्या सातांचे १७५० मार्क आणि वर मुलाखतीचे २७५. तीन तास पेन चालवायचाय. आणि आमच्या अभ्यासिकेत बघा, टेबलावर वही बंद आणि मोबाईल स्टँडवर उभा, सर बोलतायत आणि पोरगं मान डोलवतंय. ऐकताना सगळं कळतं हो, लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदात गाडी अडते. म्हणून मी चॅनेल सगळे सोडले, इन्स्टा काढलं, आयोगाची वेबसाईट आणि पीडीएफ वाचायचं ॲप एवढंच ठेवलंय. टॉपरच्या रील तर आधी बंद करा, त्याने पहाटे किती वाजता उठून अभ्यास केला हे ऐकून आपलं एक पान लिहून होत नाही.

वसमतची
दादा, पुण्यात बसून हे बोलायला सोपंय. तुमच्या रूमखाली झेरॉक्सवाला, शेजारी पुस्तकांचं दुकान, चहाला गेलं तरी कोणीतरी मेन्स दिलेला भेटतो. मी हिंगोली जिल्ह्यात घरी राहून करते. घरच्यांनी पुण्याला पाठवायचं म्हणजे रूम, मेस, अभ्यासिका, क्लास, आणि त्यात मुलगी, हा विषय आमच्यात एकदाच निघाला आणि तिथंच संपला. मला पॉलिटी कोणी शिकवली असेल तर यूट्यूबनं, फुकट. बालभारतीची जुनी-नवी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, सरकारचं लोकराज्य मासिक मिळतं, राज्याची आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या साईटवर आहे. ह्यातलं एक तरी तालुक्याच्या दुकानात मिळतं का विचारून बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला, २८ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढं ढकलून ९ नोव्हेंबरला नेली, ते मला टेलिग्रामवरच कळलं, तेव्हा आमच्याकडं पेपरवाला पण पोचत नव्हता. तुम्ही ॲप काढून टाकू शकता कारण तुमच्याकडं दुसरी सोय आहे.

शास्त्रीरोडकर
ताई, सोयीचं मान्य. पण लेक्चर बघणं आणि चॅनेलमध्ये पडून राहणं ह्यात फरक करा ना. टेलिग्रामच्या एका ग्रुपात दोन लाख मेंबर मावतात. त्यात ‘कटऑफ किती लागेल’ हा प्रश्न पेपर झाल्यापासून उत्तरतालिका येईपर्यंत चालतो आणि उत्तरतालिका आली की हरकती कशावर घ्यायच्या ह्यावर परत तेवढाच. परीक्षा पुढे गेल्याची खोटी पत्रकं तर लेटरहेडसकट फिरतात. तुम्हाला खरी बातमी मिळाली ती आयोगाच्या साईटवरपण होतीच की.

वसमतची
साईट उघडली पाहिजे ना. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने एकदम उघडली होती.

दोनच्याकॉफीवाला
दोघांचंही एक राहतंय. लिखाणाला फोनचा उपयोग नाही हेच मला पटत नाही. मी रोज एक उत्तर हाताने लिहितो, मग तेच टाईप करून एआयला देतो, की मुद्दा कुठे सुटला, प्रस्तावना लांबलीय का, प्रश्नात ‘परीक्षण करा’ म्हटलंय आणि मी नुसतं वर्णन केलंय का. क्लासवाले टेस्ट सिरीजचे पैसे आधी घेतात आणि पेपर तपासून येतो तेव्हा मी तो प्रश्न विसरलेला असतो, वर शेरा काय तर ‘चांगला प्रयत्न’. फोटो टाकला तर माझं मराठी अक्षर त्याला वाचता येत नाही हे खरं, पण ते माझ्या आईलाही येत नाही.

जुनाभिडू
कॉफीवाले भाऊ, जपून. रचना बघायला ठीक आहे, मजकुरासाठी नको. मी महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांवर त्याच्याकडून नोट्स काढून बघितल्या होत्या. सत्यशोधक समाज १८७३, पुणे, हे बरोबर दिलं आणि पुढे एका परिषदेचा असा ठराव ठोकून दिला जो मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. भाषा इतकी ठाम की नवीन पोरगं डोळे झाकून वहीत उतरवेल. इंग्रजीतल्या जगभरच्या विषयांवर तो बरा चालतो, जिल्हा परिषद, कूळकायदा, रोहयो असल्या आपल्या गोष्टींवर घसरतो. मूळ पोस्टवाल्याशी मी बराचसा सहमत आहे, फक्त एक सांगतो. २०२४ चा ऑगस्ट आठवा. २५ ऑगस्टला राज्यसेवा पूर्व आणि त्याच दिवशी आयबीपीएस, म्हणजे बँकभरतीची परीक्षा. शास्त्री रोडवर पोरं रात्रभर रस्त्यावर बसली, कृषी सेवेच्या २५८ जागा पण ह्याच परीक्षेत घ्या म्हणून मागणी होती. ती गर्दी कुणी जमवली? तुम्ही ज्यांना शिव्या देताय त्याच ग्रुपांनी. २२ तारखेला आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली.

शास्त्रीरोडकर
रस्त्यावर मीपण होतो. आयोग हलला तो पोरं उठेनात म्हणून, हॅशटॅगमुळे नाही. आणि परीक्षा गेली कुठे, १ डिसेंबरला. आधीच दोन-तीनदा पुढे गेलेली. ज्यांचा बँकेशी संबंध नव्हता आणि वयाची मर्यादा जवळ आली होती त्यांना विचारा त्या जल्लोषाचं. त्यांचं ग्रुपात कोण ऐकत होतं? वेगळं मत टाकलं की ‘क्लासवाल्याचा माणूस’ म्हणून रिमूव्ह.

जुनाभिडू
हे मात्र खरंय, रिमूव्ह झालेल्यांत माझा रूममेट होता. पण ग्रुप नसते तर शास्त्री रोडवर पन्नास पोरं आली असती, आणि पन्नास पोरांना पोलीस चहाच्या आधी उठवतात.

वसमतची
मला आंदोलनाला येता आलं नाही, लाईव्ह बघत होते, तेवढंच. मुद्द्यावर येते. लिहिलेलं तपासायला माझ्याकडं कोणी नाही. दादा, तुम्ही म्हणता पेन चालवा, चालवते की, रोज चालवते, पण ते चुकीच्या दिशेनं चाललंय का हे घरात कोण सांगणार? तुम्ही दोघं-तिघं तयार असाल तर आठवड्याला एक निबंध अदलाबदल करू. मी फोटो पाठवेन.

दोनच्याकॉफीवाला
मी तयार. माझं अक्षर बघून पळू नका.

शास्त्रीरोडकर
मीपण. फक्त ग्रुप काढू नका हो, एकेकाला मेलवर पाठवा. ग्रुप काढला की चौथा कोणीतरी ॲड होतो आणि सकाळी सुप्रभातचं फूल टाकतो.