मदत हवी आहे: घरचं फायबर नेट मधूनच जातं, चार मिनिटांनी आपोआप येतं (सोलापूर)

ताळेबंद

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. मी घरून काही यंत्रमागवाल्यांची आणि दोन टॉवेल कारखानदारांची हिशेबाची कामं करते. त्यामुळे दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला माझा जीव त्या पांढऱ्या डब्याच्या (राउटरच्या) हिरव्या दिव्यात अडकलेला असतो. गेल्या २० तारखेला सकाळी लवकर उठून एकाचा थ्रीबी (जीएसटीचं रिटर्न) भरत होते. ओटीपी आला, टाकला, आणि ते गोल चक्र जे फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. मोबाइलच्या नेटवर परत लॉगिन करून भरला कसाबसा, पण आमच्या आतल्या खोलीत मोबाइलला एक काडी रेंज. दंड लागला असता तर पार्टी काय नेटवाल्याला बोलली असती का? मलाच.

आता तक्रार नीट सांगते. नेट रोज जात नाही, हीच तर पंचाईत. तीन-चार दिवस एकदम शहाण्या मुलासारखं चालतं. मग एके दिवशी तासा-दीड तासात चार-पाच वेळा जातं, दर वेळी तीन-चार मिनिटं. आपलं आपण परत येतं. वेळही ठरलेली नाही. कधी पहाटे, कधी दुपारी. मागच्या आठवड्यात रात्री अडीचला मी जागी होते, मोबाइल बघते तर तेव्हाही गेलेलं.

आत्तापर्यंत केलेले उपाय: डबा कपाटावरून काढून टेबलावर ठेवला. कूलर लांब सरकवला, कारण कुणीतरी म्हणालं की पाण्याने भरलेला लोखंडी कूलर वायफायला आडवा येतो. चॅनल ऑटोवरून ६ वर केलं, मग ११ वर. पासवर्ड बदलला (शेजारच्या पोरांना राग आला). केबलवाला तीनदा येऊन गेला. एकदा पिवळी पॅच कॉर्ड बदलली, एकदा कनेक्टर नवा मारला, तिसऱ्यांदा म्हणाला, "लाइन ओके आहे मॅडम, तुमच्या भिंती जाड आहेत." भिंती जाड आहेत हे खरं, दगडी आहेत. पण त्या काय फक्त चार दिवसांतून एकदाच जाड होतात?

स्पीड टेस्ट कधीही करा, १०० च्या प्लॅनवर ९० च्या वर येतो. नवरा म्हणतो रीस्टार्ट कर. रीस्टार्ट करून करून त्या बटणाचा रंग गेला.

शेंगाचटणी

आमच्या इकडं बी सेम हुतं. कंपनी बदला, विषय संपला.

ताळेबंद

बदलली असती हो. आमच्या गल्लीत दोन्ही कंपन्यांची वायर तोच माणूस ओढतो.

तांब्याची तार

कंपनी बदलायची घाई नको. आधी बिघाड कुठे आहे ते वेगळं करू. "नेट गेलं" यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि आपण तिघांना एकच गोळी देतो: रीस्टार्ट.

पुढच्या वेळी जाईल तेव्हा मोबाइलमध्ये वायफायच्या यादीत बघा. तुमच्या वायफायचं नाव दिसतंय, पण नेट नाही? मग डबा जिवंत आहे आणि बाहेरची लाइन किंवा कंपनीकडचं काहीतरी गेलंय. अशा वेळी डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झालाय का तेही बघा, तो लाल म्हणजे डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही. नावच यादीतून गायब? मग डबाच बंद पडतोय. तिसरा प्रकार भिंतीवाला: डब्याजवळ सगळं नीट, आतल्या खोलीत नाही. तुमचं वर्णन वाचून हा तिसरा प्रकार वाटत नाही.

अजून एक करा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, डब्याच्या मागच्या स्टिकरवर लॉगिन आहे. आत स्टेटस पानावर दोन गोष्टी बघून इथे लिहा. एक, सिस्टिम अपटाइम, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे. दोन, आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती उजेड पोचतो ते, ती उणे आकड्यात डीबीएममध्ये असते. साधारण −८ ते −२७ मध्ये असली की डबा चालतो. −२७ च्या खाली घसरली की कुरकुर सुरू.

ताळेबंद

सापडलं. आरएक्स पॉवर −२२.८. आणि अपटाइम ९ तास १२ मिनिटं.

पण हे कसं? मी आज बटणाला हात लावलेला नाही. लाईटही गेली नव्हती, पंखा रात्रभर चालू होता. आत्ता तीन वाजलेत, म्हणजे डबा पहाटे पावणेसहाच्या सुमारास नव्याने सुरू झालाय.

आणि हो, नाव गायबच होतं यादीतून. आज सकाळी मुलगा ओरडला तेव्हा बघितलं होतं.

तांब्याची तार

बास, केबलवाला निर्दोष सुटला. −२२.८ ला काही दोष नाही. तुमचा डबा स्वतः बंद पडून परत उठतोय. उठून लाइन पकडायला, मग लॉगिन व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, ती तुमची चार मिनिटं. लाईट न जाता डबा बंद पडतो म्हणजे ॲडाप्टर, नाहीतर त्याला मिळणारा करंट. डबा इन्व्हर्टरवर आहे का? आणि घटनेच्या वेळा कागदावर मांडा. हिशेबाचं काम करता, तुम्हाला काय सांगायचं.

होटगी रोडवरून

मध्येच बोलतो, माफ करा. ताई, त्या रात्री अडीचला तुम्ही जाग्या कशाला होता?

ताळेबंद

पाणी आलं होतं हो.

...

थांबा.

ताळेबंद

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन आले. आमच्याकडे पाणी दररोज येत नाही, काही दिवसांआड येतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. उजनी भरलं तरी आमचा नळ आपल्याच वेळेवर. सासूबाई पाणी आलं की कॅलेंडरच्या त्या चौकोनात निळ्या पेनाने 'पा' लिहितात आणि शेजारी वेळ. पुढचं कधी येणार याचा त्यांचा स्वतःचा हिशेब आहे आणि तो माझ्या एक्सेलपेक्षा बरोबर निघतो.

मी व्हॉट्सॲपवर केबलवाल्याला जे जे मेसेज टाकले होते त्यांच्या वेळा काढल्या आणि कॅलेंडरशेजारी उभी राहिले. सहा मेसेज. सहाही 'पा' च्या दिवशी. २० तारखेच्या चौकोनात 'पा ५.१५', माझा मेसेज ५.४० चा. सासूबाई म्हणाल्या, "मला विचारायचं की."

पण पाण्याचा आणि नेटचा संबंध काय?

होटगी रोडवरून

संबंध मोटरीचा. पाणी आलं की हौद भरतो, हौद भरला की सगळी गल्ली एकाच वेळी वरच्या टाकीत पाणी चढवते. (थेट नळाला मोटर आपल्या गावात कुणीच लावत नाही, हे आपण धरून चालू.) मी वायरिंगची कामं करतो, पाण्याच्या दिवशी व्होल्टेज बघितलेत. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सात पट क्षणभर खेचते. दहा-पंधरा घरांत मागेपुढे बटणं दाबली की २३० चे १७०-१८० व्हायला कितीसा वेळ लागतो?

वाचनमात्र

शंका: माझ्या ॲडाप्टरवर "१००-२४० व्होल्ट" छापलंय. मग १७० ला डबा बंद का पडावा?

तांब्याची तार

चांगली शंका. नवा ॲडाप्टर पडणार नाही. जुना पडतो. त्याच्या आत इनपुटला एक कपॅसिटर असतो, तो व्होल्टेजच्या लहानमोठ्या खळग्यांवर पूल टाकतो. त्यात साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे २३० ला जेवढी साठते त्याच्या निम्म्याहून थोडी जास्तच १७० ला. आणि हा कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातो. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. सोलापूरचा मे महिना, त्यात डबा कपाटावर पत्र्याखाली, वर्षानुवर्षं २४ तास चालू. एरवी त्याचं भागतं, मोटरीने झटका दिला की बारा व्होल्ट क्षणभर खाली बसतात आणि डबा रीस्टार्ट.

ताई, नवा ॲडाप्टर घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, १२ तर १२. अँपिअर जास्त चालतील, कमी नकोत. जुन्यावर १ अँपिअर असेल तर दीड-दोनचा घ्या. पिन तीच बसते का आणि अधिक-उणेची खूण जुळते का ते दुकानातच बघा. शिवाय डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा. त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या आसपास आलं की तो बॅटरीवर जातो आणि बदलही पटकन करतो. साध्या मोडमध्ये तो बराच खाली येईपर्यंत ढिम्म बसतो.

होटगी रोडवरून

वरच्यांचं बरोबर आहे, पण ॲडाप्टर हा बळी असू शकतो. मोटर चालू झाली की घरातले दिवे कसे वागतात ते बघा. सगळे जरा मंद झाले तर नेहमीचं. पण एकीकडे मंद आणि दुसरीकडे जास्त उजेड, असं झालं तर इथे लगेच सांगा.

शेंगाचटणी

म्हंजे पानी आलं की नेट जातंय. सोलापुरात एका वेळी एकच कायतरी मिळनार बे.

ताळेबंद

अपडेट. नवी पेठेतून दोन अँपिअरचा ॲडाप्टर आणला. जुना काढून हातात घेतला तर अक्षरशः चटका. नवऱ्याला राहवेना, त्याने स्क्रू काढून उघडला. आत एका कपॅसिटरचं डोकं टम्म फुगलेलं, पुरीसारखं.

तांब्याची तार

फुगलेला म्हणजे निकाल लागला. पण कृपा करून वाचणाऱ्यांनी घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात काही काळ चार्ज राहतो.

ताळेबंद

दुसरा अपडेट, आज 'पा' होता. पहाटे ४.५० ला पाणी आलं. मी डब्यासमोर खुर्ची टाकून बसले, सासूबाई हौदापाशी. अर्ध्या तासाने गल्लीत एकेक मोटर घरघरायला लागली, ट्यूब दोनदा लुकलुकली, डबा ढिम्म. हिरवा तो हिरवाच. आत्ता अपटाइम दोन दिवस सात तास दाखवतोय. केबलवाल्याला 'सॉरी' पाठवलं, त्याने अंगठा पाठवला.

आता होटगी रोडवाल्या दादांना प्रश्न. आमच्या घरात पूर्वी खाली माग होते, त्यामुळे थ्री फेज मीटर अजून तसाच आहे. आज आमची मोटर सुरू झाली तेव्हा हॉलची ट्यूब मंद झाली, पण देवघरात सासूबाईंचा जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब आहे, तो चांगलाच पांढराफेक झाला. मोटर बंद केली की परत पिवळा. तुम्ही म्हणत होतात ते हेच का?

होटगी रोडवरून

हेच. न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, कुठेतरी सैल आहे किंवा जळालाय. मोटरच्या फेजला व्होल्टेज बसतं आणि देवघर ज्या फेजवर आहे तिथे २३० च्या वर चढतं. एलईडी दिव्यांवर हे दिसलंच नसतं, त्या जुन्या बल्बने सांगितलं म्हणून कळलं. न्यूट्रल पूर्ण सुटला तर त्या फेजवरचं सगळं जळेल.

आजच वायरमन बोलवा. मेन स्विच आणि मीटरपाशी न्यूट्रलचं टर्मिनल काळं पडलंय का बघायला सांगा, तुम्ही हात घालू नका. तिथे ठीक असेल तर दोष खांबावर, मग वीज कार्यालयात तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तोवर मोटर चालवू नका. फ्रिज कुठल्या फेजवर आहे?

ताळेबंद

देवघराच्या. प्लग काढला. वायरमन चार वाजता येतोय.