मदत हवी आहे: अमेरिकेतील लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची तुलना कशी करावी?

नमस्कार.

माझी मुलगी पुण्यात बारावी विज्ञान शाखेत आहे आणि पदवीसाठी तिला अमेरिकेतील लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांमध्ये, म्हणजे जिथे विज्ञान आणि मानव्यविद्या एकत्र शिकता येतात अशा पदवी कॉलेजांमध्ये, अर्ज करायचे आहेत. दहावीनंतर विज्ञान घेतले आणि इतिहास सुटला, याची खंत तिला अजून आहे. भौतिकशास्त्र मुख्य विषय ठेवून इतिहासही गांभीर्याने शिकता यावा, या एका इच्छेपोटी ती स्वतःच शोधत शोधत या कॉलेजांपर्यंत पोहोचली. आमच्या नात्यातले अमेरिकेत गेलेले सगळे एमएस करायला गेलेले आहेत. त्यामुळे जिथे पदव्युत्तर वर्ग जवळजवळ नाहीतच अशा ठिकाणी मुलीला इतक्या लांब का पाठवायचे, हा विषय घरात रोज निघतो.

यादीत सध्या सहा नावे आहेत: मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट, फिलाडेल्फियाजवळचे स्वार्थमोर, मिनेसोटातील कार्लटन आणि मॅकॅलेस्टर, आणि आयोवातील ग्रिनेल. विद्यार्थीसंख्या प्रत्येकी साधारण १,६०० ते २,२०० आहे. माहितीपत्रके वाचली तर सहाही कॉलेजे एकसारखी वाटतात. लहान वर्ग आणि आपुलकीने वागणारे प्राध्यापक सगळीकडेच आहेत. शिकवण्याची पद्धत बारकाईने वाचली तेव्हा कुठे फरक दिसू लागले. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये दोनच विद्यार्थी आणि एक प्राध्यापक दर आठवड्याला भेटतात. एकाने लिहून आणायचे, दुसऱ्याने त्यातले दोष दाखवायचे, आणि पुढच्या आठवड्यात याच्या उलट. स्वार्थमोरमध्ये १९२२ पासून ऑनर्सची पद्धत आहे, जिच्यात शेवटच्या वर्षी बाहेरच्या विद्यापीठांतील परीक्षक येऊन लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. कार्लटनचे वर्ष दहा-दहा आठवड्यांच्या तीन सत्रांचे असते आणि एका सत्रात साधारणपणे तीनच विषय घ्यायचे असतात. अ‍ॅमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचे एक चर्चासत्र आणि मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर बाकी निवड विद्यार्थ्यावर सोपवलेली आहे. मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरातच आहे, आणि एवढे एक कारण सध्या त्याला यादीत ठेवायला पुरेसे आहे.

रँकिंगवरून निवड करायची नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण तिसऱ्या वर्षी तिला कोण काय शिकवणार हे त्या क्रमांकावरून कळत नाही, आणि माझी खरी काळजी नेमकी तीच आहे. लहान कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मोजकेच असतात, त्यामुळे वरच्या पातळीचे काही विषय एक वर्षाआड शिकवले जातात. कॅटलॉगमध्ये सगळे विषय छापलेले असतात. प्रत्यक्षात वर्ग कधी भरला हे मात्र रजिस्ट्रारच्या जुन्या वेळापत्रकांतच सापडते. मुलीने चौकटींच्या वहीत एकेका कॉलेजला एकेक पान दिले आहे. डावीकडे क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, प्रगत प्रयोगशाळा. वरच्या ओळीत मागची सत्रे. आणि वर्ग भरला असेल तिथे हिरव्या पेन्सिलीची खूण. इतिहासासाठी तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात काढायचे तिच्या मनात आहे. नेमक्या त्याच सत्रात वर्षाआडचा विषय आला, तर तो पदवी होईपर्यंत पुन्हा मिळणार नाही. अ‍ॅमहर्स्टबाबत ही भीती थोडी कमी आहे, कारण आसपासच्या कॉलेजांशी असलेल्या करारामुळे तिथल्या मुलांना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वर्गांतही बसता येते.

ग्रिनेलकडे तिचा ओढा आहे, कारण इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस १९४९ मध्ये तिथूनच भौतिकशास्त्र आणि गणित शिकून बाहेर पडले. गाव मात्र दहा हजारांच्या आतले आहे आणि चहूबाजूंनी शेती आहे. मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले, त्यामुळे मला त्याचे काही वाटत नाही. पण जन्मापासून पुण्यात राहिलेल्या मुलीला तिथला हिवाळा एकटीने काढता येईल का, हे मला ठरवता येत नाही.

आता पैशांविषयी. राहणे-जेवण धरून वर्षाचा खर्च सुमारे ९०,००० डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक होतो. आम्ही ओढून ताणून वर्षाला पंधरा लाख देऊ शकतो. या सहांपैकी परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न पाहता प्रवेशाचा निर्णय घेणारे अ‍ॅमहर्स्ट हे एकच आहे. बाकीची पाच निर्णय घेताना गरज विचारात घेतात, मात्र प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. विल्यम्सने तर २०२२ पासून साहाय्यातला कर्जाचा भागच काढून टाकला आहे.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. अर्ली डिसिजनचा बांधील अर्ज (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे, या अटीवरचा) एकाच कॉलेजला करता येतो आणि त्याची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. आर्थिक साहाय्याशिवाय जाणे शक्य नसलेल्या मुलीने तो करावा का, आणि केला तर कुठे? दुसरा प्रश्न सीएसएस प्रोफाइलचा, म्हणजे साहाय्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता सांगायच्या अर्जाचा आहे. यजमानांच्या वाट्याची द्राक्षबाग तासगावकडे आहे, सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावे एकत्र आहेत, उत्पन्न पावसावर हेलकावे खाते आणि शेतीचे म्हणून करमुक्त आहे. हे त्या अर्जात कसे दाखवावे?

प्रतिसाद

ताई, आम्ही नाशिकचे. माझा मुलगा मध्यपश्चिमेतील अशाच एका लहान कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आता पीएचडी करतो आहे. तुमच्या मुलीच्या वहीत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे प्राध्यापकांच्या रजेचा. माझ्या मुलाच्या शेवटच्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा भाग शिकवणारे प्राध्यापक सबॅटिकलवर गेले आणि तो वर्ग भरलाच नाही. विभागाने स्वतंत्र वाचनाची सोय करून दिली, दुसऱ्या प्राध्यापकांनी आठवड्याला एक तास दिला, पण दहा जणांनी मिळून फळ्यावर गणिते सोडवण्याची सर त्याला आली नाही. पुढच्या तीन वर्षांत कोण रजेवर जाणार आहे आणि त्यांच्या जागी कोणी येणार आहे का, हे विभागप्रमुखांना ईमेल करून सरळ विचारावे. लहान कॉलेजात अशा पत्राला उत्तर मिळते, आणि उत्तर कसे येते यावरूनही पुष्कळ कळते.

प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे ठरावीक नमुन्यात दिलेली त्याची आकडेवारी, जरूर उघडा. त्यातल्या ‘I’ विभागात किती वर्ग दहाच्या आत आहेत आणि किती तीस-चाळिसांचे, याचा तक्ता असतो. ‘H’ विभागात किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने साहाय्य दिले आणि सरासरी किती दिले, हे असते. ती संख्या एकूण परदेशी विद्यार्थ्यांशी ताडून पाहिली की कोणते कॉलेज आपल्यासारख्यांना खरोखर घेते, हे माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते.

अर्ली डिसिजन बांधील असले, तरी दिलेले साहाय्य पुरेसे नसेल तर त्या कारणासाठी नकार देता येतो; तेवढ्यासाठी घाबरू नये. मात्र साहाय्याचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा, कारण परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मागितले नाही, तर बहुतेक ठिकाणी नंतर चारही वर्षे मागता येत नाही. अ‍ॅमहर्स्ट गरज पाहत नसल्यामुळे तिथे साहाय्य मागण्याचा तोटा नाही, म्हणून बांधील अर्ज जिथे गरज प्रवेशाच्या आड येऊ शकते अशा कॉलेजासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. स्वार्थमोर, कार्लटन आणि ग्रिनेलमध्ये जानेवारीच्या सुमारास दुसरी बांधील फेरीही असते, म्हणजे पहिल्या ठिकाणी नाही झाले तर एक संधी उरते.

जमिनीबद्दल काहीही लपवू नका. आमचीही जमीन सामाईक आहे. आम्ही फक्त आमच्या वाट्याचे क्षेत्र आणि उत्पन्न लिहिले, स्पष्टीकरणाच्या जागेत ही जमीन भावांच्या संमतीशिवाय विकता येत नाही हे साध्या शब्दांत मांडले आणि मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या जोडल्या. साहाय्य कार्यालयाने दोन प्रश्न विचारले आणि ते समजून घेतले.

हिवाळ्याचेही आताच पाहून ठेवा. कार्लटनची सुट्टी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे असते. त्या काळात वसतिगृह कोणत्या अटीवर उघडे राहते आणि जेवणाचे काय, हे प्रत्येक कॉलेजला विचारा. भारताचे विमानभाडे दरवर्षी परवडत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. रजेचा रकाना मुलीने काल रात्रीच आखला आणि तीन विभागप्रमुखांना पत्रे पाठवली. एकाचे उत्तर सकाळी आले होते. कोणत्या वर्षी कोण रजेवर, कोणता विषय कोण घेणार आणि तिची अडचण झाल्यास परदेशातले सत्र कधी घ्यावे, हे सगळे त्यांनी सविस्तर लिहिले आहे. सातबाऱ्याबद्दल यजमान भावांशी बोलून वाट्याचा कागद करून घेत आहेत.

बांधील अर्जाविषयी तुमचे म्हणणे पटले आणि मुलीचे मन स्वार्थमोरकडे वळते आहे. तिथल्या ऑनर्समध्ये मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषयही घेता येतो, म्हणजे भौतिकशास्त्राबरोबर इतिहासाचीही परीक्षा बाहेरच्या परीक्षकांपुढे देता येईल. विज्ञान आणि मानव्यविद्या अशी जोडी घेऊन कोणी ही परीक्षा दिली असेल, किंवा कोणाच्या मुलांनी दिली असेल, तर प्रयोगशाळेचे काम आणि इतिहासाच्या सेमिनारचे वाचन एकाच सत्रात कसे पेलले, हे कृपया लिहावे. तिला ऑक्टोबर संपायच्या आत ठरवायचे आहे.