वेल्स खरंच तेवढं सुंदर आहे का? आपापले अनुभव लिहा

धागा काढायचं कारण असं, की माझी नणंद आणि तिचे यजमान मे महिन्यात पहिल्यांदा इकडे येताहेत. हातात मोजून चार मोकळे दिवस आहेत. नणंद म्हणते, "वेल्समध्ये नुसती हिरवी टेकाडं. पावसाळ्यात आपलं भोर-वेल्हंही तसंच दिसतं, मग एवढ्या लांब कशाला?" मी नऊ वर्षं कार्डिफमध्ये, म्हणजे वेल्सच्या राजधानीत, राहतेय, तर आधी माझंच सांगते.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये पेन इ फॅनला गेलो. ८८६ मीटर, दक्षिण वेल्समधलं सगळ्यात उंच शिखर. फोटो पाहून जीव वेडावला होता. प्रत्यक्षात दगडांनी बांधलेली रुंद वाट, रविवारी सिंहगडावर असते तशी गर्दी आणि वर पोचलो तर सगळं धुक्यात. अगदी हिरमुसून उतरलो. दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये गेलो. वर पोचल्यावर वाऱ्याने धुकं बाजूला सारलं आणि कळलं, की आपण ज्या बाजूने चढतो ती या डोंगराची पाठ आहे. उत्तरेला तो कापून काढल्यासारखा सरळ खाली जातो. लाल मातीच्या कड्यावर गवताचे आडवे पट्टे आणि पायथ्याला काळंभोर गोल तळं. हिमनद्यांनी कोरलेला कडा आहे तो. यजमान आणि मी बराच वेळ काही बोललोच नाही.

लिहिताना महिना आणि हवा कशी होती ते जरूर सांगा. माझ्या मते सगळं त्यावरच आहे.

पाऊलवाट: स्नोडन, म्हणजे वेल्समधलं सगळ्यात उंच शिखर. सप्टेंबर, पाऊस. आता त्याला अर विद्वा म्हणायचं. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने वेल्श नावंच वापरायचं ठरवलं. अर्थ थडगं, एका राक्षसाला तिथे पुरल्याची दंतकथा आहे. उंची १०८५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटरने कमी. त्यामुळे मी जरा सैलच होतो, आणि ती चूक होती. समुद्र इतका जवळ आहे, की पायथाच फार खाली आहे, आणि शेवटच्या टप्प्यात ओल्या, गुळगुळीत दगडांवर हात टेकवत चढावं लागतं. माथ्यावर काहीही दिसलं नाही. १८९६ पासून दातेरी रुळावर चालणारी छोटी गाडी तिथवर येते, तिची शिट्टी तेवढी ऐकू आली.

उतरताना मात्र ढग फाटले. खाली ग्लासलिन तळं, मोरचुदाचा खडा पाण्यात विरघळावा तसा निळा-हिरवा रंग. त्याच्या काठाला तांब्याच्या खाणी होत्या, आणि उतरायची वाट त्या खाणकामगारांचीच. एवढ्यासाठी मी पुन्हा भिजायला तयार आहे.

पुणे३८: मला नाही आवडलं, तेही नोंदवून ठेवतो. फेब्रुवारीत तीन दिवस, तिन्ही दिवस पाऊस, बरंचसं गाडीच्या काचेतून पाहिलं. डोंगर उघडेबोडके, झाड औषधाला नाही, जिकडेतिकडे मेंढ्या. ऑगस्टमधला माळशेज मला कितीतरी जास्त भावतो.

पाऊलवाट: पुणे३८, उघडेबोडके म्हणालात ते खरंच आहे. हे डोंगर मुळात असे नव्हते. ओकची जंगलं शतकानुशतकं तोडली गेली आणि पुढे मेंढ्यांनी कोंब वर येऊ दिला नाही. आजही तिथे मेंढ्या माणसांच्या तिपटीच्या आसपास आहेत. पण जुन्या जंगलाचे तुकडे अजून आहेत. फेस्टिनिऑगच्या दरीत एकदा चालून या. वाकडेतिकडे ओक, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळ, फांद्यांवरच नेचे उगवलेले. आंबोलीच्या रानात फिरलेल्याला ओळखीचं वाटेल, फक्त गारठा जास्त.

मुळशीकर: मी जरा वेगळं लिहितो. उत्तर वेल्समधल्या बाला गावाहून पश्चिमेला निघालं की लिन केलिन नावाचा मोठा जलाशय लागतो. जून होता, लखलखीत ऊन. चहूबाजूंनी टेकड्या, पाण्यावर एक लाट नाही. बायको म्हणाली, इथेच डबा खाऊ. काठावर दगडी प्रार्थनाघरासारखं काही दिसलं म्हणून जवळ गेलो, तर ते स्मारक निघालं. बाजूला थडग्यांचे दगड आणून लावलेले. पाण्याखाली कापेल केलिन हे गाव आहे. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, शेतं, सगळं १९६५ मध्ये बुडालं. पाणी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरासाठी. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेत कायदा झाला तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं. लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली २००५ मध्ये.

माझ्या पणजीचं गाव मुळशी धरणात गेलं. सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह आमच्या घरात गोष्टीसारखा सांगितला जायचा. आज मुळशीच्या काठावर लोक फोटो काढतात, भजी खातात. मीही खाल्लीयत. लिन केलिनपाशी डबा उघडला, पण घास काही उतरेना. थडग्याच्या एका दगडावरचं नाव बोटाने चाचपून पाहिलं, अक्षरं अजून धारदार होती. वेल्स सुंदर आहे का, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी ते पाणी येतं. सुंदर आहेच. पण कुणाच्या तरी घरावर उभं आहे.

समुद्राकडे गेलात तर अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्यालगत एका पडक्या भिंतीवर "कोव्हिउख द्रवेरिन" असं रंगवलेलं दिसेल. 'ट्रवेरिन विसरू नका.' ट्रवेरिन म्हणजे हीच दरी.

स्लेटपाटी: मुळशीकर, वाचून गलबलले. भर म्हणून एक. ब्लायनाय फेस्टिनिऑग गावाभोवती पाटीच्या दगडाच्या कचऱ्याचे करडे डोंगर आहेत. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना हे गाव मधोमध असूनही बाहेर ठेवलं. २०२१ मध्ये तिथल्या पाटीच्या खाणींचा तोच प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. पावसात ते ढीग चमकतात ना, तेव्हा जाऊन बघा.

आजी७१: माझे गुडघे डोंगर चढत नाहीत, म्हणून लेकीने जूनमध्ये पेम्ब्रोकशरला नेलं. होडीने स्कोमर बेटावर. पायऱ्या चढून वर गेले आणि वाटेवरच पफिन! कबुतराहून लहान पक्षी, चोच केशरी-लाल. तिच्यात चंदेरी मासोळ्या आडव्या धरलेल्या, माझ्या चपलेपासून दोन हातांवरून तुरुतुरु गेला आणि बिळात शिरला. जमीन सगळी बिळांनी पोखरलेली असते, म्हणून वाट सोडून पाय ठेवायचा नाही. मी देवगडची, समुद्र मला नवा नाही. पण पाखरू माणसाला न घाबरता जवळून जातं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. जुलैअखेर ते निघून जातात, तेव्हा उशीर करू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. नणंदेला रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. स्कोमर नक्की झालं. मग ती म्हणाली, ते गाव बुडालेलं तळंही बघायचंय. तिचं सासर कोयनेकाठचं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मुळशीकर, तिथे गाडी कुठे लावायची?

मुळशीकर: बालाचा रस्ता जलाशयाच्या उत्तर काठानेच जातो, स्मारक त्याला लागूनच आहे. सकाळी लवकर जा, वारा सुटायच्या आत. आणि ताईंना थोडा वेळ एकटं उभं राहू द्या.