बर्फासाठी फोर बाय फोर गाडी घ्यावी का? अनुभव सांगा

पलासियावाली

इंदूरकर मंडळी, आणि इंदूरहून बाहेर जाऊन स्थायिक झालेले सगळेच, एका विषयावर आमच्याकडे दिवाळीपासून वाद चालू आहे. ह्यांना गाडी बदलायचीये आणि या वेळी फोर बाय फोरच, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद जाणारी, हवी असं डोक्यात बसलंय. कारण काय, तर आम्ही हिवाळ्यात हिमाचलला जातो आणि मागच्या वेळी मनालीच्या पुढे नेहरू कुंडापाशी पोलिसांनी आमची गाडी थांबवली आणि शेजारून एक थार डौलात पुढे निघून गेली, ते ह्यांच्या फारच मनाला लागलंय. साध्या व्हेरियंटपेक्षा दोन-अडीच लाख जास्त द्यायचे आणि बाकी वर्षभर ती गाडी विजयनगर ते राजवाडा ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गियरवर रांगणार. त्यात माझी धाकटी नणंद आत्ताच कॅनडात कॅलगरीला शिफ्ट झालीये, तिलाही ऑफिसातले सांगतायत की ऑल व्हील ड्राइव्ह (तेही चारी चाकांचंच) घेतल्याशिवाय इथे हिवाळा निघत नाही. तर ज्यांनी बर्फात स्वतः चालवलीये त्यांनी लिहा प्लीज. कुठली गाडी, टायर कुठले, कुठे फसली, कशी निघाली. रिव्ह्यू बघून बघून डोकं उठलंय, ते नकोत.

स्नेहलतागंज ते कॅलगरी

ताई, आधी नणंदेचं सांगतो कारण मी तिच्याच गावात आहे. तिला म्हणावं गाडी कुठलीही घे, विंटर टायर पहिले घे. मी इथे आल्यावर जुनी कोरोला घेतली, फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि त्यावर विंटर टायरचा सेट वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवून घेतला म्हणजे ऑक्टोबरात नुसती चाकं बदलायची, टायर उतरवा-चढवायची झंझट नाही. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, उणे पंधरा-वीसला तर ते रस्ता धरतच नाही, विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं, सगळा खेळ तिथे आहे. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं ते बघून घ्यायचे. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ते नक्षीपुरतं, त्यात थंडीतल्या रबराची खात्री नाही.

आमच्या अल्बर्टा प्रांतात विंटर टायरची कायद्याने सक्ती नाही त्यामुळे बरेच लोक ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना मग झालं असं म्हणून ऑल सीझन टायरवरच फिरतात आणि पहिला बर्फ पडला की इथल्या डीअरफूट ट्रेल हायवेच्या कडेला चाऱ्यांमध्ये उतरलेल्या गाड्यांत मोठ्या एसयूव्ही भरपूर दिसतात. नंतर मी पण ऑल व्हील ड्राइव्ह घेतली, खोटं कशाला सांगू, फरक पडतो. चढावरच्या सिग्नलला गाडी फिरकी न घेता उठते, आणि बर्फ ढकलणारा ट्रक घरासमोर जो ढीग लावून जातो त्यातून बाहेर पडायला फावडं कमी लागतं. पण थांबायचं अंतर तेच. इथे चिनूक म्हणून गरम वारा येतो, भर जानेवारीत बर्फ वितळवून टाकतो आणि रात्री तेच पाणी परत गोठतं, काचेसारखं, दिसतसुद्धा नाही. त्या सकाळी चार चाकं फिरणारी असोत की दोन, सगळे सारखेच गरीब.

आणि हो, ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, आहे का बघून घे म्हणावं. उणे तीसच्या रात्री गाडी प्लगला लावून ठेवतात इथे, मोबाइलसारखी.

पीथमपूर, बी शिफ्ट

मी गाड्यांच्या ब्रेकच्या कामात आहे त्यामुळे बर्फात एकदाच गेलोय पण हिशोब रोजचा. वर भियाने थांबायचं अंतर तेच म्हटलं ते का, ते सांगतो, कारण ह्याच्यावर आमच्या चहाच्या टपरीवरही भांडणं होतात.

५० च्या स्पीडने चाललेली गाडी सुक्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारून साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण पावपट-तिहाई उरतं, तिथे तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. ओल्या चकचकीत बर्फावर घर्षण ०.१ धरलं तर जवळजवळ १०० मीटर. ह्यात ड्रायव्हरचा रिअ‍ॅक्शन टाइम धरलेलाच नाही. आता ह्या गणितात दोनच गोष्टी येतात, स्पीड आणि टायर-रस्त्यामधलं घर्षण. इंजिनची ताकद किती चाकांना जाते हे त्यात कुठेच येत नाही कारण ब्रेक तर अल्टोलाही चारी चाकांना असतात. गाडीचं वजनही कटून जातं, म्हणून जड गाडी लवकर थांबते हा जो समज आहे तो पण सोडा. आपल्या इथे नॅट्रॅक्सला, म्हणजे पीथमपूरच्या गाड्या तपासायच्या केंद्रात, ब्रेक टेस्टसाठी कमी घर्षणाचे पट्टे आहेत ते ह्याच्यासाठीच, की गाडी पळते किती हे ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर कळतं पण थांबते कशी हे त्या घसरड्या पट्ट्यावर.

दुसरं म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह हा एक प्रकार नाही. थार, जिम्नी, गुरखा ह्यांत पार्ट टाइम सिस्टम, म्हणजे लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात. सुक्या रस्त्यावर ते टाकून वळलं तर चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं आणि सिस्टम फिरू देत नाही, सगळा ताण गिअर-शाफ्टवर. म्हणून घसरडं असेल तेवढ्यापुरतंच टाकायचं. ग्रँड व्हिटाराचं ऑलग्रिप किंवा जुन्या डस्टरचं ऑल व्हील ड्राइव्ह, त्यात गाडी स्वतःच ठरवते मागच्या चाकांना कधी ताकद द्यायची, बर्फाच्या रस्त्यासाठी हे सोपं पडतं पण लो रेशो, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोराने ओढणारा गियर, नाही मिळत. तुमच्या ह्यांना नक्की कुठलं हवंय ते आधी विचारा.

जिम्नीवाला अन्नपूर्णा

भाऊ बरोबर बोलले पण थोडं पुस्तकी झालं, आता रस्त्यावरचं ऐका. माझ्याकडे जिम्नी आहे, इंदूर ते मनाली तेराशे-साडेतेराशे किलोमीटर, तेवढ्या लांब हायवेवर ती गाडी काही सुखाची नाही हे आधीच सांगून टाकतो. नेहरू कुंडाला पोलिसांनी बघितलं आणि जा म्हणाले, तेव्हा जो आनंद होतो तो दोन लाखांचा आहे हे मान्य. बर्फ पडल्यावर तिथे फोर बाय फोर किंवा चाकांना लोखंडी चेन लावलेली गाडीच पुढे सोडतात, त्यामुळे वहिनी, तुमच्या ह्यांचं दुःख खरं आहे.

अटल टनेल ९ किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा त्यामुळे आत टू-एच वर (फक्त मागची दोन चाकं) घ्यायची आणि पलीकडे बाहेर पडायच्या आधी हळू व्हायचं कारण तोंडाशीच बर्फ असतो. पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाताना काही वाटलं नाही, फोर-एच वर (चारी चाकं, नेहमीचे गियर) गाडी मांजरासारखी पाय रोवून चालली. मजा परत येताना. दुपारी तीन-साडेतीनला डोंगराची सावली पडली की दिवसभर वितळलेलं पाणी गोठायला लागतं आणि टनेलच्या अलीकडच्या तोंडापासून सोलंगपर्यंतचा जो उतार आहे तिथे काळा बर्फ. डांबर ओलं आहे असं वाटतं फक्त. मी फोर-एल (चारी चाकं, लो रेशो) टाकून पहिल्या गियरवर सोडली, ब्रेकला पाय नाही. लो रेशोमध्ये इंजिनच चारी चाकांना धरून ठेवतं हा एक फायदा मात्र पीथमपूरवाल्यांच्या गणितात आला नाही. तरी एका वळणावर गाडी शांतपणे आडवी सरकायला लागली, स्टीअरिंग फिरवलंय एकीकडे आणि ती चाललीये दरीच्या कडेला. तिथल्या एका टॅक्सीवाल्याने रस्त्यावर कडेची माती टाकून ठेवली होती, त्या मातीवर चाक आलं आणि पकड मिळाली. माझे टायर कंपनीचेच होते, विंटर टायर आपल्याकडे सहज मिळतच नाहीत. त्या वळणानंतर बायको सोलंगपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दरवर्षी डिसेंबरात ह्याच उतारावरचे घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ येतात, नीट बघा, त्यात फोर बाय फोर पण असतात. कारण वर चढवून नेतं ते खाली उतरवताना तेवढं साथ देत नाही आणि साध्या गाडीवाला तर नेहरू कुंडावरच थांबलेला असतो, म्हणजे बिचारा सेफ. दुपारी एकच्या आत परत फिरा, बस.

महूचा निवृत्त

आयुष्याचा बराच भाग लडाखच्या रस्त्यांवर गाड्यांबरोबर गेला म्हणून लिहितोय. आमच्या सगळ्या गाड्या फोर बाय फोर, तरी बर्फ दिसला की पहिला हुकूम नॉन-स्किड चेन. कोणी विचारत नसे की गाडी फोर बाय फोर आहे मग चेन कशाला. ट्रक घसरला की मागच्याचा पण जीव जातो म्हणून गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं, उतारावर क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर विसराच.

रात्री पार्किंगला हँडब्रेक लावू नये, ओला झालेला ब्रेक गोठून चिकटतो आणि सकाळी चाक सुटत नाही. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. डिझेल गाडी असेल तर टाकीत इंदूरचं डिझेल भरून वर जाऊ नका, थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर बसतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये विंटर डिझेल आणलं ते उणे ३३ पर्यंत वाहतं, पण तुम्ही मनाली-सिस्सूला जाणार असाल तरी वरच्या पंपावर भरलेलं बरं. नेमकं ह्याबद्दल शोरूमवाले बोलत नाहीत, ते फक्त लिव्हर दाखवतात.

बिनगाडीचा

इथे कोणी हे का म्हणत नाहीये की टॅक्सी करा? आम्ही इंदूरहून ट्रेनने जातो, वर तिथला ड्रायव्हर घेतो, त्याची फोर बाय फोर, त्याची चेन, त्याचं टेन्शन. गुलमर्गला तर बर्फात टंगमर्गलाच गाडी बदलायला लावतात, चेनवाल्या सुमोत बसवतात, पुढचे तेरा-चौदा किलोमीटर आपण खिडकीतून झाडं बघायची. दोन-अडीच लाखांत किती वर्षांची टॅक्सी होते बघा. आणि थकून हॉटेलवर पोचून भांडण नाही.

मॉन्ट्रियलची भाची

टॅक्सीला +१ पण नणंदबाईंना तो ऑप्शन नाही ना. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, कितीही भारी ऑल व्हील ड्राइव्ह असू दे. म्हणजे सरकारने पण टायरच धरलाय. मी छोटी फ्रंट व्हील हॅचबॅक चालवते, शहरात, एकदाही असं वाटलं नाही की अजून दोन चाकं फिरायला हवी होती. पार्किंगमधून गाडी उकरायला फावडं मात्र सगळ्यांनाच लागतं.

व्हरमाँटहून, मूळ रामबाग

सगळे फोर व्हील ड्राइव्हला नावं का ठेवताय कळेना. शहरात राहणाऱ्यांना नको असेल, आमच्याकडे घराचा रस्ता कच्चा आणि सरळ चढाचा, खाली मेन रोडवर गाडी सोडून किराणा हातात घेऊन चढत गेलेले दिवस आठवतात मला. तेव्हा फ्रंट व्हील गाडी होती, त्यावर चांगले विंटर टायर होते, तरी रात्री एक फूट पडला की अर्ध्या चढावर चाकं जागेवर फिरायची. मग सुबारूची आउटबॅक, ऑल व्हील ड्राइव्हवाली, घेतली, तसेच टायर, तोच चढ, निघून जाते. माझ्यासाठी हा विषय तिथेच संपला. दोन्ही लागतात, टायर थांबायला आणि चारी चाकं निघायला. कुणी एकच घ्यायला सांगत असेल तर त्याचं घर सपाटीवर असणार.

फक्त एक खर्च कोणी लिहिला नाही. ऑल व्हील ड्राइव्हला चारी टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात, एक फाटला आणि बाकीचे बरेच घिसलेले असतील तर चारी बदला असं सांगतात, नाहीतर मधल्या कपलिंगवर लोड येतो. आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमीच, बारा महिने.

सांवेर रोडचा शेतकरी

विषय बर्फाचा आहे पण मी जुलैचं बोलतो. आपली माळव्याची काळी माती एकदा भिजली की बर्फ परवडला. टायरच्या खाचा भरतात, चाकाचा गुळगुळीत गोळा होतो, आणि गाडी शेताच्या रस्त्यात रुतली की ट्रॅक्टरच लागतो. माझी जुनी जिप्सी पावसाळ्यात जेवढी कामाला येते तेवढी कुठली गाडी येत नाही, लो टाकायची आणि हळूहळू काढायची. तुमचं शेत-बीत असेल ताई तर घ्या बिनधास्त, पैसे पावसात वसूल होतील, मनाली बोनस. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मग टॅक्सीवाले बोलले तेच.

पलासियावाली

बाप रे, एवढं सगळं लिहिलंत, सगळ्यांना खूप थँक्यू. शेत नाही हो दादा, फ्लॅटच आहे. ह्यांना सगळं वाचून दाखवलं, ब्रेकच्या गणितावर गप्प झाले आणि व्हरमाँटवर परत पेटले. नणंदेला टायरचं पाठवलंय, ती म्हणाली गाडी फ्रंट व्हीलच घेते आणि उरलेल्या पैशांत रिमसकट विंटर टायर, ते ठरल्यासारखं आहे. आमचं अजून लटकलंय, पण मी म्हणतेय आत्ता साधी गाडी घेऊ, चेन जवळ ठेवू, आणि बर्फ जास्त असला तर तिथून टॅक्सी. चेन मनालीत घ्यायची की इथूनच न्यायची?

महूचा निवृत्त

इथूनच मागवा. टायरच्या कडेला लिहिलेला साइज बघून त्याच मापाची, ढिली चेन तुटली तर फेंडर फाडते. तुमची गाडी फ्रंट व्हील असेल तर पुढच्या चाकांना लावायची, इनोव्हा क्रिस्टासारखी मागून चालणारी असेल तर मागच्या. एक-दोनदा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावून-काढून बघा, जाड हातमोजे घालून, कारण वर उणे पाचला उघड्या बोटांनी कडी लागत नाही. लावल्यावर थोडं पुढे जाऊन परत घट्ट करायची, तीस-चाळीसच्या वर पळवायची नाही, आणि कोरडं डांबर लागलं की लगेच काढायची.

जिम्नीवाला अन्नपूर्णा

आणि बसायला एक जुनं पोतं ठेवा गाडीत, चेन लावताना बर्फात गुडघे टेकावे लागतात. फसल्यावर तेच पोतं चाकाखाली पण जातं.