तुमच्या घरी अजून मासिक येतं का?

माळ्यावरची
काल रद्दीवाला आला. सासूबाईंच्या ट्रंकेतले 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' त्याने तागडीत टाकले आणि वर आलं 'आवाज'चं खिडकीचित्र. लहानपणी ती खिडकी उघडायला आम्ही चौघं भांडायचो. मी सगळं परत उचलून घेतलं. आता घरी एकही मासिक येत नाही, सगळं फोनवर. तुमच्याकडे काय येतं? काय बंद झालं? लिहा.

सोनचाफा
आमच्याकडे 'साधना' येतं. बाबा गेले तरी वर्गणी भरते. पाकिटावर त्यांचंच नाव आहे, बदलून घेतलं नाही.

दोन वेण्या
चांदोबा!!! विक्रम-वेताळ!!! झाडाला लटकलेलं प्रेत बघून मी रात्री पाणी प्यायला उठायची नाही.

पाचवा मजला
@दोन वेण्या ते चित्र काढणारे शंकर 2020 साली गेले. त्या दिवशी मी लेकाला जुना अंक दाखवला. तो म्हणाला, झूम कर ना.

दोन वेण्या
😄 माझी लेक पण बोटं लावते पानाला

वाचनालयवाली
वडिलांचं फिरतं वाचनालय होतं, मी ते 9 वर्षं चालवलं. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी, एका वेळी दोन अंक, खाकी कव्हर घालून. 'मौज', 'हंस'ला नंबर लागायचे. एक काकू भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दारात उभ्या! बंद केलं तेव्हाही दिवाळीचे सभासद टिकून होते, बाराही महिने येणारे गेले. म्हणून दिवाळी अंक मरतील असं मला वाटत नाही. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला काढला, तेव्हापासून ती एक सवय तरी आपण सोडलेली नाही. काळजी वाटते ती दर महिन्याच्या अंकाची. नवा लिहिणारा तिथे तयार होतो, दिवाळीत त्याला कोण विचारतं?

कुलकर्ण्यांची सून
भाजणी भाजतेय, नंतर लिहिते.

तिठा
मी एका छोट्या मासिकात होतो. नाव नको. पत्ते चिकटवणं, गठ्ठे पोस्टात नेणं, 'अंक मिळाला नाही'चे फोन घेणं, सगळं तिघांत. दिवाळीच्या जाहिरातींवर पुढचे महिने निघायचे. मग सराफ आणि साडीवाले फेसबुककडे वळले. आम्ही वर्गणीदारांना पीडीएफही द्यायला लागलो. छापील गठ्ठा ज्या दिवशी टपालात टाकला, त्याच संध्याकाळी आमचीच पीडीएफ मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली, 'वाचा आणि पुढे पाठवा' म्हणून. पाठवणारा माणूस प्रेमानेच पाठवत होता. शेवटी 612 वर्गणीदार होते, प्रत्येकाला उरलेले पैसे परत केले. कितीतरी जणांनी 'राहू द्या' म्हणून कळवलं.
ज्यांना खरंच हवंय त्यांनी एका तरी मासिकाची वर्षाची वर्गणी भरा. खरंच सांगतो, एवढ्यानेच फरक पडतो.

सोनचाफा
@तिठा वाचून गलबललं. आणखी एकाची भरते आज.

पाचवा मजला
'किशोर'चे 1971 पासूनचे अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत. लेक टॅबवर वाचतो. पण छापील अंकही लावलाय, कारण त्यातलं कोडं तो पेनाने सोडवतो आणि मग अंक शेजारच्या मुलीकडे जातो. टॅब मी कोणाला देत नाही.

कुलकर्ण्यांची सून
झाली भाजणी. मी किर्लोस्करवाडीजवळची. 1920 ला 'किर्लोस्कर खबर' आमच्याकडून निघालं, कारखान्याचं मासिक म्हणून! नांगरवाल्यांनी काढलेलं मासिक पुढे घराघरात गेलं. आजोबा फार अभिमानाने सांगायचे. @वाचनालयवाली चकलीत मोहन किती घालता?

वाचनालयवाली
चार वाट्यांना पाव वाटी, कडकडीत.

सातासमुद्रापार
न्यू जर्सी. आई येताना बॅगेत तीन दिवाळी अंक आणते. ते सहा घरं फिरून परत येतात तेव्हा पानांवर हळदीचे डाग असतात.
@माळ्यावरची, एक विचारू? आईचं पत्र 'स्त्री'मध्ये छापून आलं होतं, माझ्या जन्माच्या आधी, 1975 च्या आसपास. अंक पुरात गेला. आई आता 78 ची आहे.

तिठा
दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही विचारा.

माळ्यावरची
@सातासमुद्रापार आत्ताच ट्रंक उघडली. 'स्त्री'चे अकरा अंक आहेत, त्यात 1975 चे चार. आईंचं लग्नानंतरचं नाव मला निरोपात पाठव, गावही. सगळी वाचकांची पानं बघते आज रात्री.