शब्दचर्चा: ताण दिला, ताण आला, ताण तोडला

अनुवादवाली
एका विद्यापीठातल्या संशोधनाच्या सारांशांचं मराठी करते आहे. एकाच पुस्तकात पदार्थविज्ञान, स्थापत्य, ग्रामीण समाज आणि आरोग्य असे चार विभाग कोंबलेत. ‘स्ट्रेस’ चारही ठिकाणी येतो आणि संपादकांचा हट्ट असा, की पुस्तकभर एकच प्रतिशब्द हवा. त्यांनी ‘ताण’ सुचवलाय. तीन दिवस तसा लावून पाहिला. ‘तुळईच्या तळाशी ताण येतो’ हे चाललं. ‘वरच्या भारामुळे खांबात येणारा ताण’ इथे अडखळले. खांब दाबला जातोय, त्याला ताण कुठून? बरं, सरसकट पदार्थविज्ञानातलं ‘प्रतिबल’ करावं, तर आरोग्य विभागात ‘शेतकरी महिलांमधील प्रतिबल’ असं काहीतरी अवतरतं. काय करू?

निवृत्त मास्तर
पदार्थविज्ञानात हे दोन वेगळे जिन्नस आहेत, हे आधी संपादकांच्या गळी उतरवा. विहिरीतून १० किलोची भरलेली बादली संथपणे ओढताना दोरात सुमारे ९८ न्यूटन असतो, तो ताण. तेवढाच भार दोराच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागला की प्रतिबल, त्याचं एकक पास्कल. छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट असलेला दोर घ्या, ताण तेवढाच राहील, प्रतिबल निम्मं होईल. शिवाय प्रतिबल ताणल्याने येतं तसं दाबल्याने येतं, आणि कातरल्यासारखं सरकवल्यानेही येतं. त्यामुळे तुमचा खांब बरोबर आहे आणि संपादक चूक.

या दोन कल्पना जन्मल्याही एकत्र नाहीत. इंग्रज शास्त्रज्ञ हूकने आपला नियम १६७६ मध्ये अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात लपवला आणि १६७८ मध्ये उकल दिली: जेवढं ताणणं, तेवढं बल. त्याचा लॅटिन शब्द ‘टेन्सिओ’, पण तो वापरलाय लांबी वाढण्याला. म्हणजे आपण ज्याला आज विकृती (‘स्ट्रेन’) म्हणतो त्याला! प्रतिबलाची नेटकी कल्पना फ्रेंच गणिती कोशीने मांडली ती १८२२ मध्ये. मधे जवळपास दीडशे वर्षं. तेव्हा मराठीत गोंधळ झाला तर फार मनाला लावून घेऊ नका.

दवाखान्यातली
सर, ‘विकृती’ म्हणालात आणि हसू आलं. आमच्याकडे विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. तुमच्या तारेला विकृती आली तर ती लांबते, आमच्या यकृताला आली तर बायोप्सी करावी लागते.

निवृत्त मास्तर
आणि आमची ‘प्रेरणा’? विश्वकोशातली प्रेरणा म्हणजे फोर्स. ‘वस्तूवर प्रेरणा लावली’ असं म्हटलं की मागच्या बाकावर हशा ठरलेला. शेवटी मी वर्गात ‘बल’ म्हणू लागलो.

साइटवाला
साइटवर प्रतिबल कुणी म्हणत नाही. ‘स्ट्रेस’ म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. पुलाच्या कामात जॅक लावून केबल ओढतात त्याला ‘केबल ताणली’ म्हणतात. पुस्तकात तेच ‘पूर्वप्रतिबलित काँक्रीट’. त्याचं फ्रेंच अभियंता फ्रेसिनेचं पेटंट १९२८ चं. मजा अशी की ताणली जाते केबल, पण त्यामुळे काँक्रीट दाबलं जातं, आणि ते दाबलं जावं यासाठीच सगळा खटाटोप. काँक्रीट दाब झकास सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. दोन्हीला ‘ताण’ लिहिलंत तर वाक्याचा अर्थच उलटा होईल.

ही नुसती शब्दांची हौस नव्हे. साधी तुळई वाकते तेव्हा तळ ताणला जातो, म्हणून मुख्य सळया खाली. छज्जा एका बाजूनेच धरलेला, तो वाकताना वरचा भाग ताणला जातो, म्हणून सळया वर. आमच्या एका कामावर मिस्त्रीने सवयीने त्या खाली टाकल्या होत्या. ओतकाम व्हायच्या आधी दिसलं म्हणून बरं. त्याला ‘प्रतिबल’ सांगून काय उपयोग झाला असता? मी विचारलं, "काका, छज्जा कुठून फाटेल?" त्याने वर हात लावला आणि स्वतःच सळया उचलायला लागला.

संत्रावाला, वरुडकडचा
ताई, तुमच्या चार खात्यांत आमचं पाचवं राह्यलं. बागेला आम्ही ताण ‘देतो’. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाची फुलं, घ्यायचा असला तर डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद, म्हणजे बाग ताणावर सोडली. पानं मलूल झाली, वाढ थांबली, अन्नसाठा फांद्यांतच राहिला, की मग पाणी देऊन ताण ‘तोडायचा’. त्यानंतर फुलं अशी येतात की पान दिसत नाही. मृग बहाराले, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांले, उन्हाळ्यात ताण द्यायचा, जूनचा पाऊस तो तोडतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत वेळ लागते, कारण ती ओल धरून ठेवते. आणि मधातच अवकाळी आला की ताण ‘तुटला’, बहार गेला.

आता सांगा, तुमच्या आरोग्याच्या पुस्तकात ताण तुटला तर आनंद. आमच्याकडे तुटला तर वर्ष गेलं.

दवाखान्यातली
दादा, तुमच्याच भागात हे माझ्या अंगावर आलंय! शिकत असताना अमरावती जिल्ह्यात प्रश्नावली घेऊन फिरत होते. एका काकांना विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला ताण आला का?" ते म्हणाले, "मले काऊन येईन? बागेले देल्ला हाये ना!" मी मुकाट्याने ‘नाही’वर खूण केली. पुढे चहा पिताना कळलं, की मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर, रात्र रात्र डोळा लागत नाही. त्यांच्या शब्दांत ‘जिवाले घोर’. माझ्या कागदावर घोर नव्हता, ताण होता.

नंतर मला ‘टेन्शन’चीही धास्ती वाटायला लागली. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे फार टेन्शन, असं समजून गोळी बंद करणारे भेटतात: "आता मुलाला नोकरी लागली, टेन्शन संपलं, मग गोळी कशाला?" तिथे ‘उच्च रक्तदाब’ हाच शब्द ठेवा. मोजतो आपण दाबच.

त्याच जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात ‘स्ट्रेस’ आहे, पण आद्याक्षरं जोडून नाव केलं ‘विश्राम’. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के. हे काही नावामुळे झालं नाही, गावोगाव माणसं फिरली म्हणून झालं. तरी दारात उभं राहून ‘विश्रामवाले’ म्हणणं आणि ‘ताणवाले’ म्हणणं यात फरक पडतोच.

कोशातला किडा
मूळ धातू ‘तन्’, पसरणे, लांबवणे. त्यातूनच तंतू, गवयाची तान, मागावरचा ताणा (आडवा तो बाणा) आणि चक्क ‘तंत्र’. तंत्रचा एक जुना अर्थ मागच. म्हणजे ‘तंत्रज्ञानामुळे ताण वाढला’ हे घरातलंच भांडण झालं. लॅटिन ‘तेंदेरे’ही याच कुळातला, त्यामुळे टेन्शन आणि ताण लांबचे चुलतभाऊ. ‘तणाव’ मात्र जरा वेगळ्या वाटेने आला असावा. जुन्या मराठीत तंबूचा दोर तो तणावा, आणि अरबी-फारसीत तंबूच्या दोराला ‘तनाब’ म्हणतात. आज तो गावच्या बातमीत ‘तणावपूर्ण शांतता’ होऊन बसलाय. ग्रामीण समाजाच्या विभागात दोन गटांबद्दल लिहिताना तणाव, एका माणसाबद्दल लिहिताना ताण, एवढं पथ्य पाळा.

निवृत्त मास्तर
आरोग्यवाल्यांनी हा शब्द आमच्याकडून उसना नेला आणि तोही चुकीचा नेला, हे नोंदवून ठेवतो. हान्स सेल्ये या वैद्यक संशोधकाने १९३६ मध्ये उंदरांवरचे प्रयोग छापले आणि पुढे ‘स्ट्रेस’ जगभर नेला. नंतर त्यानेच कबूल केलं, की इंग्रजी बरं असतं तर ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं. प्रतिबल हे कारण, त्यामुळे वस्तूत जो बदल घडतो ती विकृती. त्याला म्हणायची होती दुसरी.

दवाखान्यातली
सर, म्हणजे मी रुग्णाला ‘तुम्हाला विकृती आली आहे’ असं सांगायचं का? उसनं परत मागू नका.

अनुवादवाली
सगळ्यांचे आभार. आज संपादकांना दोन पानी पत्र लिहिलं. माझ्या लक्षात आलं ते असं: मी नुसतं नाम शोधत बसले होते, पण मराठीत अर्थ क्रियापद धरून आहे. ताण देतात तो बागेला, आणि देणाऱ्याला कधी थांबायचं ते ठाऊक असतं. ताण येतो तो माणसाला, न विचारता. ताण पडतो तो व्यवस्थेवर किंवा सांध्यावर. ‘ताण घेऊ नकोस’ म्हणतो तेव्हा दोष हळूच घेणाऱ्याच्या माथी जातो, म्हणून आरोग्य विभागात ‘घेणे’ कुठेच ठेवलं नाही.

प्रतिबल फक्त पदार्थविज्ञान आणि स्थापत्यात. दोर, तार, पृष्ठताण इथे ताण. प्रश्नावलीच्या नमुन्यात घोर, काळजी, झोप न लागणे. एकच अडलंय. एका सारांशात ‘अजैविक ताण’ आहे: दुष्काळ, उष्णता, खारी जमीन. बारामतीजवळ माळेगावला या विषयाची राष्ट्रीय संस्थाच आहे, तेव्हा शब्द रूढ आहे. पण दादा, तुमच्या कानाला तो कसा लागतो?

संत्रावाला, वरुडकडचा
लागते चांगला. फक्त ‘पिकाला ताण दिला’ लिहू नका, तो आम्ही देतो. दुष्काळाचा ‘बसतो’.

अनुवादवाली
बदललं. आणि शेवटी तुमच्याकडे ताण तोडतात की सोडतात? पुस्तकात दोन्ही सापडले.

संत्रावाला, वरुडकडचा
ताण तोडतात. सोडतात ते पाणी.